माह्या नावाची साक्ष

जरीपटका, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२४

ती. बाबा,
शि. सा. न. हे लिहावंच लागते म्हणून लिहिलं.

तुमचा नंबर मी ब्लॉक केला, म्हणून तुम्ही शोभामावशीच्या फोनवर व्हिडिओ धाडला. तो मी पाहिला नाही. पण तुमच्यासारखीच प्रार्थनेले जाणारी कामिनीताई नावाची बाई साडीले पिको करायले मावशीच्या दुकानात आली, अन् माह्या मशीनवर मोबाईल ठेवून म्हणे, ही रीना तूच का वं? त्यात तुम्ही प्रार्थनाघरात माईक घेऊन उभे. सांगून राहिले की माह्या पोरीच्या दहावीच्या गणिताच्या पेपरले मी दारू पिऊन सेंटरच्या गेटवर गेलो, तिच्या नावानं ओरडलो, ती पेपर सोडून पळाली, अन् तिची शाळा सुटली. सारे टाळ्या वाजवून राहिले. टाळ्या कायच्या, बाबा?

मंग कामिनीताईनं साऱ्या गिऱ्हाईकासमोर माह्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी तोंड खाली घालून एकाच जागी पिको मारत बसली. साडी खराब झाली.

तेव्हा गेटवर ओरडले, आता माईकवर. फरक सांगा.

आईले नमस्कार. तुमाले काही नाही.
रीना


नरखेड
२० नोव्हेंबर

चि. रीनाले प्रभूच्या नावात सलाम.

बेटा, रागानं का होईना, तू लिहिलं. मले बरं वाटलं. साक्ष म्हणजे तमाशा नोहे वं. आपण काय होतो अन् प्रभूनं आपलं काय केलं, ते मंडळीसमोर सांगायचं असते. दारू सुटली, आता मी रोज संत्र्याच्या बागेत कामाले जातो. छातीवर दगड होता, तो उतरला. मोहित पास्टर म्हणते, देवानं मागचं सारं समुद्रात फेकून देलं.

नाताळाच्या सभेले तू ये. स्टेजवर माह्या बाजूले उभी राह्य अन् 'बाबाले माफ केलं' एवढंच म्हण. लोकाइचा विश्वास वाढीन. तुह्या आईनं तं आतापासूनच तुह्यासाठी साडी काढून ठेवली.

लोभ हाय तो राहू देजो.
तुहा बाबा,
नत्थू


जरीपटका
२८ नोव्हेंबर

ती. बाबा,
नमस्कार.

बाप पोरीले सलाम करते का? मावशी हासून हासून म्हणे, नत्थूभाऊजी पोलिसात लागले का वं? मंग आईनं फोनवर सांगतलं की तुमच्या मंडळीत सारे तसंच म्हणतात.

प्रभूनं माफ केलं म्हणता. त्यानं मले विचारलं का? पेपर त्याचा गेला का माहा? तुमचा दगड उतरला, तो तुम्ही माह्या डोक्यावर ठेवला. समुद्र नागपूरपासून लय लांब हाय, बाबा. तुम्ही फेकलेलं माह्या दुकानात येऊन पडते.

गिऱ्हाईकाले 'उद्या या' म्हणायले मी घाबरते, अन् तुम्ही मले स्टेजवर उभं करता? सभेत माहं नाव घेतलं, तं समजा तुमाले पोरगी नाही.

पत्र पोचल्याचं कळवू नका.
रीना


नरखेड
२७ डिसेंबर

चि. रीना,
आशीर्वाद.

कळवू नका म्हटलं होतं, तरी लिहून राहिलो. सभेत माह्या हाती माईक देला. तुहं नाव तोंडात आलं अन् तिथंच थांबलो. म्हटलं, मी दारुडा होतो, प्रभूनं सोडवलं; बाकीचं ज्याच्याशी बोलायचं हाय, त्याच्याशी अजून बोललो नाही. अन् खाली बसलो. टाळ्या नाही पडल्या. पास्टर म्हणे, नत्थूजी, साक्ष अर्धीच राहिली. म्हटलं, हाओ, अर्धीच हाय.

मी देवाले माफी मागितली, मंडळीले मागितली. तुले मागितलीच नाही, तुहं फक्त नाव वापरलं. आता मागतो. चुकलं माहं, रीना. जवाब नाही देला तरी चालते. उपकार म्हणून मले माफ नको करू.

जेवण वेळेवर करजो.
बाबा


जरीपटका
५ जानेवारी २०२५

ती. बाबा,
नमस्कार.

तुमच्या साक्षीत एक गोष्ट चूक होती. गणिताचा पेपर तुमच्यामुळं गेला. बाकीचे मी सोडले. शाळेतल्या मॅडम मले न्याले घरी आल्या होत्या, मी आतून कडी लावून बसली. तुमाले जन्मभर लागलं पाहिजे, म्हणून. तुमाले ते लावता लावता माहीच शाळा गेली. हे मी आईलेबी नाही सांगतलं.

काल मशीनवर बसल्या बसल्या मनातच तुमच्या देवाले सांगून पाहिलं. प्रार्थना कशी करतात मले येत नाही, जसं आलं तसं सांगतलं. तुमच्यासारखं हलकं वाटलं नाही. रडाले आलं, तं मावशीले म्हटलं, डोळ्यात धागा गेला.

तुमाले मी अजून माफ केलं नाही. राग हाय, अन् तो राहीन. पण ज्या दिवशी करीन, त्या दिवशी पहिले तुमाले सांगीन. पास्टरले नाही, कामिनीताईले नाही. तुम्हीबी कोणाले सांगायचं नाही.

आईले म्हणा, साडी पाठवून दे, फॉल मीच लावीन.

तुमची,
रीना