तीननंतरचा आकडा

सोमवार, ४
नवी नोकरी, नवं टेबल, आणि टेबलावर चक्क ऊन! मालकीणबाई मोकळ्या स्वभावाच्या. म्हणाल्या, पन्नाशीच्या माणसाला मी काय शिकवणार, लागा कामाला. पहिलंच काम म्हणजे एका सभागृहाचा जुना डायनॅमिक माइक. वजन असं, की डोक्यात घातला तर माणूस आडवा. आवाज मध्येच जातो म्हणे, शनिवारी परत हवाय. अशा माइकला ना बॅटरी ना काही. दहातली नऊ दुखणी वायरीचीच. बऱ्याच महिन्यांनी आज सडकून भूक लागली.

मंगळवार, ५
वायर हलवली की खरखर. मीटर लावून पाहिला, वायर ठणठणीत. कनेक्टर उघडला तर एका पिनवरचं सोल्डर नुसतं टेकलेलं, कुणीतरी उरकलेलं काम. नीट डाग दिला. हेडफोन चढवून नेहमीसारखं बोललो, एक, दोन, तीन. घरी असं म्हटलं की ही स्वयंपाकघरातून ओरडायची, चार! तुमची गणती कधी पुढे जातच नाही, म्हणायची. तेवीस वर्षं हीच थट्टा. आजही तीन म्हणून थांबलो. जित्याची खोड.

बुधवार, ६
तीन म्हटलं आणि हेडफोनमध्ये ‘चार’ आलं.
वायर बदलली, कोरी करकरीत लावली. पुन्हा ‘चार’. तोच हेल. मालकीणबाईंच्या कानाला हेडफोन लावले, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. जेवलात का, एवढंच विचारलं त्यांनी.

गुरुवार, ७
इथे तरी खरं लिहितो. ती ओट्यापाशी कोसळली तेव्हा मी पलीकडच्याच खोलीत होतो. कानांवर हेडफोन, असाच एक माइक तपासत. शेजारीण सांगते, हिने तीन हाका मारल्या. शेजारणीला भिंतीपलीकडून ऐकू आल्या, मला नाही. चाळीस मिनिटांनी उठलो, तेही चहा मागायला. त्यानंतर त्या घरात राहवेना, म्हणून इथे आलो.
आज ‘चार’नंतर ती थांबली नाही. अहो, जरा या ना, म्हणाली.

शुक्रवार, ८
मालकीणबाई म्हणाल्या, माइक तसाच परत देऊ, तुम्ही घरी जा. नको म्हणालो.
वायर काढून टाकली. माइक एकीकडे, हेडफोन दुसरीकडे, मध्ये काही नाही. तरी ‘अहो’. आता श्वासही, ओट्याला धरून उभी असल्यासारखा.
भीती वाटते. पण हेडफोन काढवत नाहीत. लोकांचे आवाज आयुष्यभर नीट केले, हिचा एक शब्दसुद्धा कुठे साठवून ठेवला नाही मी, एक शब्द —

शनिवार, ९
दुपार. मालकीणबाई जेवायला गेल्यात. पहिली हाक झाली.
हेडफोन काढले. दुसरी हाक — हेडफोनमधून नाही — मागून. मागे नुसती भिंत आहे, सोमवारपासून बघतोय. आता तिथे दार. आमचंच. ओट्याचा कोपरा, फरशीवर तिची एक चप्पल — करपलेल्या दुधाचा वास —
आत गेलो तर परत येणं नाही, कळतंय मला.
तिसरी. किती बारीक झाली गं —
या वेळी ऐकू आलंय. आलो, आलो, हा उठल