रिकाम्या हातांनी

बाबा, आई आता चालते. एवढंच सांगायला बसले होते, पण ती चालते म्हणजे काय ते नीट सांगायला हवं. कारण "मी काय दिवसभर बसून असतो?" हे तुमचं वाक्य तुमच्यानंतर तिने आपल्या शब्दांत उचललं. चार महिन्यांपूर्वी तिचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. तुम्ही गेल्यावर ती पोळीभाजी केंद्रात लागली, सकाळी आठपासून चारपर्यंत पोळ्या लाटते. डॉक्टरबाईंनी ईसीजी काढला, गोळी सुरू केली आणि म्हणाल्या, रोज अर्धा तास भरभर चाला. आई म्हणाली, "अहो मॅडम, मी अख्खा दिवस पायांवरच असते." मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. मला तिथे तुमचाच आवाज ऐकू आला, आणि मी मनात ठरवलं की या वेळी हे वाक्य जिंकणार नाही.

तेव्हाचं अजून डोळ्यांसमोर येतं: मी नववीत आहे. तुम्ही स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायच्या गाळ्यातून घरी येता, तोंडावर पॉलिशचा काळा थर, फक्त डोळ्यांभोवतीची जागा स्वच्छ. आपण गोडदेवला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर तुम्ही चपलेचा अंगठा नीट करायला वाकता. मला बरेच दिवस वाटतं की चप्पल खराब आहे. नवी चप्पल आली तरी तुम्ही वाकताच, तेव्हा आई तुम्हाला दवाखान्यात नेते. गोळ्या मिळतात, आणि रोज अर्धा तास चालायला सांगतात. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, केस विंचरून, काखेत घडी घातलेली कापडी पिशवी घेऊन तुम्ही निघता. "जरा फिरून येतो." केबिन रोडवर गावाकडचा कोणीतरी भेटतो, मग भाजीवाला, मग चौक गावाहून सुका जवळा विकायला येणारी मावशी. तुम्ही पिशवी भरून परत येता. आई म्हणते, "डॉक्टरनं चालायला सांगितलं की बाजार करायला?" तुम्ही म्हणता, "मग चालतच गेलो ना? उडत गेलो काय?" आपण तिघं हसतो.

एकदा मी म्हटलं, "बाबा, पिशवी ठेवून जा ना. म्हणजे थांबावं लागणार नाही." तुम्ही माझ्यावर फारसे कधी ओरडला नाहीत, म्हणून ते लक्षात राहिलं. "रिकाम्या हातानं कोण फिरतो गो? ज्याला काम नाय तो. बिल्डिंगमधले बघतील नि म्हणतील, ह्याला गाळ्यातून काढला वाटतं." तेव्हा मला तो निव्वळ राग वाटला. आता कळतं की कामावरून येताना आणि कामाला जाताना चालणं तुम्हाला ठाऊक होतं, पण नुसतं स्वतःसाठी चालणं तुमच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. गावाला डोंगर चढायचे ते लाकडासाठी. पायांना कारण लागायचं, आणि पिशवी म्हणजे ते कारण.

पुढच्याच वर्षी, माझ्या दहावीच्या थंडीत, तुम्ही मशीनसमोरच खाली बसलात, ते पुन्हा उठला नाहीत. त्याला आता अकरा वर्षं झाली. मी बी.एस्सी. झाले, आपल्या घरातली पहिली. मिरा रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रोज माणसं रिपोर्ट घेऊन विचारतात, "मॅडम, हे जास्त आहे का?" उत्तर डॉक्टरच देतात, पण मी वाचत राहते, विचारत राहते. तुम्हाला तेव्हा कोणी नीट समजावलं नाही, ते मला समजून घ्यायचं होतं. दहा तास मशीनसमोर उभं राहिलं की पाय दुखतात, पाठ धरते, माणूस गळून जातो. पण हृदयाला त्याचा वेग वाढवून काही वेळ सलग काम करावं लागतं, तसं उभं राहण्याने होत नाही. तुम्ही दमत होता म्हणून आम्ही समजलो की व्यायाम होतोय. मोठ्या माणसाला आठवड्याला निदान दीडशे मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, श्वास थोडा वाढेल असं चालणं पुरतं. धावण्यासारखं जोराचं काही केलं तर त्याच्या निम्मं. एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांनी सुरुवात करायची, आणि छातीत दुखलं तर थांबून डॉक्टर गाठायचा. इतकं साधं आहे ते. तुम्ही चालला असतात तर आज असतात, असं मी म्हणणार नाही. तंबाखू होती, आजोबाही छातीच्या दुखण्यानेच गेले होते. पण एक दार उघडं होतं आणि आपण त्यातून गेलो नाही, एवढं मला म्हणता येतं.

आईला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "दीडशे मिनिटं? तेवढ्यात माझ्या शंभर पोळ्या होतात." आठवड्यातून दोन दिवस हातापायांच्या ताकदीचेही व्यायाम करायचे असतात, असं सांगितलं तर, "नि एवढं पीठ मळते ते काय?" हे डॉक्टरबाईंना विचारणार आहे. तरी पहाटे मी तिला उठवलं. ती तयार झाली, आणि खिळ्यावरची पिशवी काढून खांद्याला लावली. जिन्यात शेजारच्या गुजराती मासी दूध घेऊन वर येत होत्या. "सुबह सुबह माँ-बेटी किधर?" आई पटकन म्हणाली, "धनिया लाने को." आणि खरंच कोथिंबीर घेतली. मग मेथी बघितली, मेथीवाल्याच्या सुनेची चौकशी केली. चालणं सात मिनिटं झालं असेल.

तिसऱ्या दिवशी मी पिशवी कपाटात ठेवून कुलूप लावलं. भांडण झालं. "शिकलीस म्हणून आईला कुलूप लावतेस?" मी म्हटलं, "पिशवीला लावलंय." तिला हसू आलं म्हणून निभावलं. पण रस्त्यावर आल्यावर ती अवघडली. थोडं चालली आणि म्हणाली, "हात कुठं ठेवू गो?" मी म्हटलं, सोड मोकळे. तिने पदराचं टोक धरलं आणि तसंच आठ-दहा दिवस चालली. डॉक्टरबाईंनी वेगाची खूण सांगितली होती: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये. आई मध्येच गौरीचं एखादं गाणं सुरू करते. ओळ पूर्ण झाली की स्वतःच म्हणते, "अरे, सावकाश चाललोय आपण," आणि पाय उचलते. घराजवळच्या उद्यानाला आधी एक फेरी व्हायची, मग दोन. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा दीडशे मिनिटं भरली. प्रेशर अजून हवं तसं उतरलेलं नाही, गोळी चालूच आहे. मी घाई करणार नाही, आणि सोडणारही नाही.

काल जिन्यात पुन्हा मासी भेटल्या. "आज क्या लाना है?" आई एक पायरी उतरून थांबली. मला वाटलं, आता कोथिंबीर येणार. ती म्हणाली, "कुछ नहीं लाना. चलने को जाते हैं हम लोग." मासी म्हणाल्या, "बस, ऐसे ही?" आई म्हणाली, "हाँ, ऐसे ही. तुम भी आओ." आणि पुढे गेली. मी मागे राहिले, कारण मला डोळे पुसायचे होते.

खाली तिने विचारलं, "तू कशाला झोपमोड करतेस रोज? मी जाईन एकटी." मी म्हटलं, मलाही दिवसभर खुर्चीवर बसावं लागतं, मलाही हवंच आहे. ते खोटं नाही. पण खरं कारण तिला सांगितलं नाही. हा कागद कुठल्या टपालपेटीत पडणार नाही, म्हणून इथे लिहिते. पिशवीवरून तुम्ही ओरडलात, त्याच्या दोन दिवसांनी तुम्ही दारात येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, "बाय, तू येतेस माझ्यासंगती? पोरगी बरोबर असली म्हणजे कोण काय बोलणार नाय." तुमच्या हातात पिशवी नव्हती, आणि भरभर चालायला बरे म्हणून पायांत चपलेऐवजी गाळ्यातले काळे पडलेले बूट होते. मी वर न बघता म्हटलं, "बाबा, माझा क्लास आहे."

त्या दिवशी क्लास नव्हता. तुमच्या गाळ्यातल्या काळ्या बुटांची मला लाज वाटली होती.