ताटाखाली जमिनीचं पॉलिश

॥ श्री ॥
विश्रामबाग, सांगली
२७ जुलै २०२५

तीर्थस्वरूप तात्यांना संयोगिताचा सा. न. वि. वि.

टेबलांचा विषय फोनवर नको, तोंडी बोललेलं उद्या कोणीही नाकबूल करतं, काय ते कागदावर कळव, असं तुम्ही म्हणालात. म्हणून पोस्टातून पाकिटं आणली. खिडकीतल्या बाईंनी कोर्टाचं काम आहे का म्हणून विचारलं. मी म्हटलं, त्याहून कडक, चुलते सुभेदार होते.

कुंडलच्या बांधावरच्या सागाच्या फळ्या पोचल्या आणि जोतीराम सुताराने त्यांचे आठ टॉप केलेसुद्धा. रंधा मारल्यावर लाकूड असं काही निघालं की शेजारचा झेरॉक्सवाला येता-जाता हात फिरवून जातो. या फळ्या तुम्ही शिवतेजदादाच्या लग्नातल्या पलंगासाठी राखल्या होत्या, हे मला काकीने सांगितलंय. दादाने पुण्याच्या प्रदर्शनातून बॉक्सचा पलंग आणला, तुम्ही चकार शब्द बोलला नाहीत आणि फळ्या माझ्या नाष्टा सेंटरला देऊन टाकल्या. तात्या, मला ते फार लागलंय. म्हणून तुमची अट मी मान्य केली: दसऱ्याला दुकान उघडेल तेव्हा तुम्ही तपासणीला येणार, आणि एक जरी डाग दिसला तरी सगळे टॉप सोडवून साताऱ्याला नेणार आणि मला सनमायका ठोकून देणार.

आता अडचण अशी की या लाकडावर लावायचं काय. इथे दिवसभर गरम चहाचे पेले, तर्री, लिंबू आणि ओलं फडकं चालणार. त्यात वर राहणारे जागेचे मालक नेमिनाथ अण्णा हळदीचे व्यापारी. यार्डातून येतात ते पिवळी बोटं घेऊनच, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवल्याशिवाय त्यांना हळदीचा दर सांगता येत नाही. तुम्हीच सुचवा.

लोभ माझ्यावर आहे तितकाच टेबलांवरही असू द्यावा.
तुमची,
संयोगिता


सातारा
२ ऑगस्ट २०२५

चि. संयोगितास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र क्रमांक एक मिळाले. यात विचारण्यासारखे काय आहे ते समजले नाही. स्पिरिट पॉलिश. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा करायचा आणि हात गोल फिरवत राहायचे. आमच्या ऑफिसर मेसचे टेबल मी स्वतः असे चमकवले होते की साहेब लोक जेवण्यापूर्वी त्यात मिशा बघून घेत. तुझी काकी मध्येच म्हणाली की त्या टेबलावर कायम चादर असायची. हे खरे असले तरी मुद्द्याला सोडून आहे.

तपासणीपूर्वी मी सांगलीत पाऊल ठेवणार नाही. नंतर पक्षपात झाला असे कोणी म्हणायला नको. अण्णांना हात धुवायला सांगावे.

लोभ आहेच. तो पॉलिशवर अवलंबून नाही, टेबले मात्र आहेत.
तुझा,
लालासाहेब


विश्रामबाग
११ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप तात्यांना सा. न. वि. वि.

तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. उरलेल्या तुकड्यांपैकी एकाला स्पिरिट पॉलिश लावलं. दिसलं राजासारखं. मग त्यावर गरम चहाचा पेला ठेवला आणि उचलला, तर खाली पांढरं कडं. त्यात अण्णा आले, सॅनिटायझरने ओला झालेला हात टेकवला, आणि बोटांचे ठसे असे उमटले की पोलिसांना नेऊन द्यावेत.

दुसऱ्या तुकड्याला थिनरमधलं पॉलिश लावलं. ते दगडासारखं झालं, पण वास जिन्याने वर गेला आणि अण्णांच्या चंदनबालाकाकू नाकाला पदर लावून खाली आल्या. म्हणाल्या, पर्युषण पर्वाचे उपवास जवळ आलेत, अन्न सोडायची माझी तयारी आहे, श्वास सोडायची नाही. शिवाय ते पॉलिश पुढे पिवळं पडत जातं म्हणे. तो मार्ग बंद.

मग रंगाच्या दुकानातल्या जयराजने वॉटर बेस पॉलिश काढलं, म्हणजे थिनरऐवजी पाण्यात कालवलेलं. दिसायला पातळ ताकासारखं, वाळल्यावर मात्र काचेसारखं स्वच्छ. वास जवळजवळ नाहीच. त्यातलं साधं आणलं तर त्यावर हळद किंचित राहिली. हार्डनर मिसळून लावायच्या पॉलिशचा महिनाभर मुरलेला नमुना जयराजकडून आणला, त्यावर ओल्या हळदीचा गोळा रात्रभर ठेवला. सकाळी पुसला तर पिवळी झाक तेवढी दिसत होती, तीसुद्धा खिडकीतल्या उन्हात दुपारपर्यंत उडून गेली. तात्या, मी दुकानात एकटीच नाचले.

पहिल्या हाताला पाण्यामुळे लाकडावर काटा येतो, तो बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासायचा, मग पातळ पातळ हात द्यायचे. वाळतं काही तासांत, पण पुरतं कडक व्हायला तीन आठवडे घेतं. तोवर त्याला ओलं फडकंसुद्धा दाखवायचं नाही. हे मुळात बॅडमिंटनच्या हॉलमधल्या लाकडी जमिनीला लावतात, म्हणून इतकं चिवट. तेच घेते आहे.

राग आला तर तो पत्रातच ठेवावा, लोभ काढू नये.
संयोगिता


सातारा
१६ ऑगस्ट २०२५

चि. संयोगितास आशीर्वाद.

पत्र क्रमांक दोन वाचून पाणी प्यायलो. ज्यावर लोक बूट घालून उड्या मारतात ते पॉलिश तू माणसाच्या ताटाखाली लावणार? अन्न म्हणजे लक्ष्मी, असे आपल्याकडे मानतात. तिला जमिनीवर बसवण्याचा हा प्रकार आहे. आणि लाकडाला पाणी? सारी नोकरी मी लाकडापासून पाणी दूर ठेवण्यात घालवली. रायफलच्या दस्त्याला पाणी लागले तर शिक्षा होती. दस्त्याला जवसाचे तेल लावत. ते दस्ते आजही कुठेतरी शाबूत असतील.

तथापि दुकान तुझे, निर्णय तुझा. मी यात मुळीच हस्तक्षेप करणार नाही. तुझी काकी चार दिवस मदतीला येत आहे. तिच्या पिशवीत काय आहे ते विचारत बसू नकोस. लोणचे आहे.

लोभ सध्या जेमतेम आहे.
लालासाहेब


विश्रामबाग
२३ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप काकीस संयोगिताचा नमस्कार.

तू नीट पोचलीस हे तुझ्या क्रांतीने कळवलं. लोणचं फार छान आहे, अण्णांनी निम्मं संपवलं. आता रडगाणं ऐक. तू गेलीस त्या दिवशी टॉपना पहिला हात दिला, आणि पॉलिश बसेचना. ब्रश पुढे गेला की मागे सगळं गोळा होऊन थेंब थेंब, मधे खड्डे. आठही टेबलांना देवी आल्यासारखं दिसत होतं.

मी डबा घेऊन जयराजशी भांडायला गेले. तो म्हणाला, डब्यात दोष नाही, लाकडाला तेल लागलंय. मी शपथेवर सांगितलं, तेल शक्य नाही. त्याने दुकानात येऊन टॉपला नाक लावलं आणि मलाही लावायला लावलं. कोपऱ्याकोपऱ्यावर हळदीची बोटंही आहेत, ती मी आधी अण्णांच्या नावावर घातली होती. पण अण्णांची बोटं जाड आहेत. काकी, या बारीक बोटांत करंगळी वाकडी आहे.

मी चिडलेली नाही. म्हणजे आहे, पण तुझ्यावर किती चिडायचं ते तुझं उत्तर आल्यावर ठरवेन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
संयोगिता


सातारा
२६ ऑगस्ट

बाळ संयोगिता, आशीर्वाद. मी सांगतीया आन् क्रांती लिवतीया.

त्येल मीच लावलं गं. दडवून काय करू. आपल्यात नवा पाट, नवा पोळपाट आला की आदी त्येलाचा हात फिरवत्यात आन् मग हळदकुकू लावून बोटं उमटिवत्यात. तू भाजीला गेलीवतीस. कोरं लाकूड लय भुकेजल्यावानी दिसलं. आटीच्या आटी टेबलास्नी पाजलं. लय प्याली.

पन त्येलाचा डबा माझा न्हवं. लोणच्याच्या बरणीखाली ह्येंनी घालून दिल्ता. म्हनले, रायफलीला लावायचो त्योच जवस हाय, पोरीला न कळता येक हात फिरीव. मी म्हनलं, आवं, पोर काय म्हंल? तर म्हनले, हुकूम हाय. माझ्या मनात हळदकुकू करायचंच व्हतं, म्हनून मीबी जास्त इचारलं न्हाई.

क्रांती म्हनतीया, आई हे लिवू नगं, तात्या वाचत्याल. वाचूंद्यात की. पोरीची टेबलं बिगाडली, दसरा तोंडावर आला, आन् हितं माणूस गप पेपर वाचत बसलाय. टेबलं सुदरली न्हाईत तर मी दसऱ्याला पुरणच घालनार न्हाई, ह्येबी लिव म्हनलं.

तुजी काकी,
साळूबाई


विश्रामबाग
३१ ऑगस्ट २०२५

तीर्थस्वरूप तात्यांना सा. न. वि. वि.

हस्तक्षेप न करण्याचं तुमचं वचन पोचलं. आठ टॉपमध्ये मुरलंय, ते आता निघत नाही.

खरं सांगायचं तर दोन दिवस मी रडले. दसरा गाठायचा तर पॉलिश सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपायला हवं, नाहीतर ते कडक व्हायच्या आतच गिऱ्हाइकं येऊन बसतील. टॉप गच्चीवर नेऊन थिनरने पुसले, कारण काकूंचे उपवास सुरू झालेत. मग घासले, पंख्याखाली वाळवले. तरी तेल पुरतं गेलेलं नाही.

जयराज म्हणतो, तेल आणि पाणी यांच्यामध्ये बसून दोघांनाही धरून ठेवेल अशी एकच वस्तू आहे. चपडा लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. पण आधी बाटली निवांत ठेवून लाखेतलं मेण खाली बसू द्यायचं, वरची निवळ तेवढी काढायची आणि तिचा एक पातळ हात टॉपवर फिरवायचा. त्यावर माझं पाण्याचं पॉलिश. तात्या, हसू नका. सांगलीत आता सगळे स्प्रेवाले, हाताने लाख चढवणारा मिळत नाही. मला असा एकच माणूस माहीत आहे, पण तपासणीपूर्वी इकडे पाऊल ठेवणार नाही असं त्याने मला लिहून दिलंय.

लोभ, आणि लाखही, असावी.
संयोगिता


सातारा
३ सप्टेंबर २०२५

चि. संयोगितास आशीर्वाद.

चपडा पार्सलने पाठवता येतो, हात पाठवता येत नाही. सबब शुक्रवारच्या एस.टी.ने येत आहे. ही तपासणी समजू नये. स्पिरिट तिकडे विकत घेऊन ठेव. अण्णांना दुकानाबाहेर ठेव.

लोभ समक्ष.
लालासाहेब


सातारा
६ ऑक्टोबर २०२५

चि. संयोगितास आशीर्वाद.

दसऱ्याच्या तपासणीचा अहवाल कळवतो. गरम चहाचा पेला ठेवून पाहिला. कडे उमटले नाही. तर्री सांडून पाहिली (चुकून सांडली असे मी तेव्हा म्हणालो, ते खरे नव्हते). डाग नाही. अण्णांनी दोन्ही हात ठेवून हळदीचा दर पूर्ण सांगितला. फडक्याने पुसले, निघाले. लाखेचा थर उत्तम. वरचा थरही, लिहायला जड जाते, पण उत्तम.

मात्र गल्ल्याजवळच्या टेबलाच्या कोपऱ्यावर पिवळी बोटे आढळली. पॉलिशखाली असल्यामुळे ती आता निघत नाहीत. ती कोणाची आहेत हा प्रश्न अटीत नव्हता. अट डागाची होती. तेव्हा दिवाळीनंतर येऊन टॉप सोडवून नेईन. तुझ्या काकीने हे वाचून माझ्याशी बोलणे बंद केले आहे. पण लिहून दिलेले मोडायची मला सवय नाही.

लोभ कमी झाला असे समजू नये.
लालासाहेब


विश्रामबाग
२५ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप तात्यांना सा. न. वि. वि.

स्क्रू सैल करून ठेवलेले नाहीत. ते तुम्हीच करा. काकीची तेवढी बोटं घासताना मीच राखली होती. गल्ल्याजवळच्या त्या टेबलावर सकाळभर अण्णा असतात, त्यांनाही तुम्हीच उठवा.

तुम्ही यायच्या आत एक सांगते. दिवाळीच्या सुट्टीवरून परत जाताना शिवतेजदादा आणि वहिनी वाट वाकडी करून इथे उतरले. दादा त्याच टेबलावर बसला. मिसळ समोर ठेवली तरी खाईना, लाकडावरून हात फिरवत राहिला. काकीच्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून बघितली. मग म्हणाला, कुठून आणलंस गं हे? असं लाकूड आपल्या घरात असतं तर मी तो बॉक्सचा पलंग कशाला आणला असता. वर्षभरात करकरायला लागलाय.

मी स्वयंपाकघरात निघून गेले. तात्या, तुम्ही त्याला कधी बोललाच नव्हता? मी इतके दिवस त्याच्यावर रागावून होते, आणि त्याला बिचाऱ्याला काही माहीतच नाही. मी त्याला काही सांगितलेलं नाही. ते तुम्ही कळवावं. कागदावर.

लोभ सगळ्यांत सारखा वाटावा.
संयोगिता


सातारा
२ नोव्हेंबर २०२५

चि. संयोगितास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. मला ते लाकूड त्याला आयत्या वेळी दाखवायचे होते, म्हणून बोललो नाही. मग तो पलंग घेऊन आला, आणि मग बोलायचे काही उरले नाही असे मला वाटले. आता शिवतेजला चार ओळी लिहिल्या. त्याचा फोन आला. आम्ही दोघे फारसे बोललो नाही, तुझ्या काकीने फोन हातात घेऊन रडण्याचे काम उरकले. ती आता माझ्याशीही बोलते.

टॉप नेण्याचा आदेश रद्द. पलंग झाला असता तर त्यावर गादी आणि चादर आली असती, लाकूड कोणाला दिसले नसते. तिथे निदान लोक हात फिरवतात. पिवळ्या बोटांना डाग धरू नये.

कुंडलला अजून तीन फळ्या आहेत. पलंग त्यात होत नाही, पाळणा होतो. सूनबाईची बातमी काकीने तुला कळवली असेलच. बाळ येईपर्यंत पाळणा घरात आणायचा नाही असे काकीचे म्हणणे, म्हणून तो जोतीरामाने तुझ्याकडे करावा. पुरता कडक व्हायलाही वेळ मिळेल. लहान मूल कडा चावते, वर दिवसातून चारदा ओले करते. तिथे स्पिरिट पॉलिश टिकणार नाही. तेल तर नकोच. तुझे ते जमिनीचे पॉलिश उरले असेल तर झाकण घट्ट लावून ठेव.

हे पत्र वाचून फाडून टाकावे. बाकीची ठेवलीस तरी चालेल.

लोभ आहे.
तुझा,
तात्या