आक्काच्या गोठ्यातून गेलेली रेघ

रवि., ६ ऑक्टो., हर्नडन, अमेरिका
आज सकाळी अंघोळीआधी, देवाला दिवाही न लावता, फोनवर गावच्या शेताची वाटणी केली. दादानं 'वाटणी' ग्रुपवर उपग्रहातला फोटो टाकला होता. ग्रुपमध्ये आम्ही दोघे भाऊच. मी बोटानं त्यावर लाल रेघ ओढली. ओढ्याकडचं माझं, रस्त्याकडचं त्याचं. दादा : "झकास. पाच मिनिटांत काम!"
मग पूजा. नवरात्र चालू, पण मन लागलं नाही.

मंगळ., ८
सईचा शाळेचा प्रोजेक्ट : १४९४ चा तह. स्पेन नि पोर्तुगालच्या राजांनी समुद्रातून उभी रेघ ठरवली. पश्चिमेकडे नवं सापडेल ते एकाचं, पूर्वेचं दुसऱ्याचं. जमीन दोघांनीही पाहिलेली नाही. रेघ नेमकी कुठे पडते ते मोजताही येत नव्हतं. गावच्या शाळेत गुरुजींनी आम्हाला त्या राजांची गलबतं शिकवली, ही रेघ नाही.
सई : "बाबा, तिथे ऑलरेडी लोक राहत होते ना? नोबडी आस्क्ड देम?"
"नाही विचारलं," म्हटलं.

बुध., ९
आमच्या शेतावर राहतं कोण? आमची बहीण, आक्का. भावजी वारल्यावर माहेरी परत आली. पंधरा वर्षं तीच कसते. आई-आबांचं तिनंच केलं. घट तीच बसवते. कायद्यानं तिसरा हिस्सा तिचा. मला माहीत होतं. माहीत असून...
दादाला फोन केला. "तिचं हक्कसोडपत्र घेतो की! बहिणी सोडतातच. तू शुक्रवारी नोटरीपुढे माझ्या नावच्या मुखत्यारपत्रावर सही करून पाठव, तुझ्या सह्या इथं मी करीन. फाटे फोडू नकोस."

गुरु., १०
ऑफिसला निघण्याआधी आक्काशी बोललो. "घटाचं धान बोटभर आलंय बघ." मग हसत, "दादाच्या माणसानं खुंट्या ठोकल्या. रेघ गोठ्यातनं जाती. म्हैस विचारती, कुणाच्या राज्यात बसू?"
"हक्कसोडपत्रावर सही करणार?" मी विचारलं.
"न करून भाऊ तोडू? पण बाळ्या, मी ऱ्हायचं कुठं, तेवढं ठरवा."

शुक्र., ११
नोटरीकडे गेलो. पेन उचललं, परत ठेवलं. "यू ओके, सर?" गाडीत येऊन बसलो. दादाला बोल लावणं सोपं. पण गोठ्यातली ती रेघ माझ्या बोटाची.

शनि., १२, दसरा
आज आधी अंघोळ, पूजा. मग मुखत्यारपत्र फाडलं. आक्काला ग्रुपमध्ये घेतलं आणि लिहिलं : "माझी रेघ मी मागे घेतो. तीन सारखे हिस्से. घर-गोठ्यासकट पहिला हिस्सा आक्कानं निवडायचा. दादा, तिच्याकडून हक्कसोडपत्र घेतलंस, तर माझी सही कशावरच नाही."
दादानं वाचलं. मेसेजच्या 'इन्फो'त दिसतंय.
आक्कानं अजून उघडलेलं नाही. तिकडे संध्याकाळ. धार काढत असेल.