पेपर सुटल्यावर

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी मातीला आलो नव्हतो. आईला आवडलं नसतं, असं मी तेव्हा स्वतःलाच सांगितलं.

शेवगावच्या कॉलेजातला तो दुष्काळातला उन्हाळा. रसायनशास्त्राचा पेपर सुटला आणि आम्ही पोरं व्हरांड्यात उत्तरं ताडून बघत होतो. नॉर्मॅलिटीच्या गणितावरून जुंपली होती. "आरं, तुझं पॉइंट दोन कसं आलं?" "मंग तुझंच चुकलंय!" वर्गातल्या हुशार पोराशी माझं उत्तर जुळलं आणि मी आनंदानं ओरडलोच. तेवढ्यात प्रयोगशाळेच्या दारातून तुम्ही हाक मारलीत. तुमच्यामागं माझे चुलते उभे, घामानं अंगाला चिकटलेला सदरा, हातात टोपी. "तुझा बाप गेला रं," ते म्हणाले. वडील तिसगावकडं दुष्काळी कामावर खडी फोडायचे. आदल्या दिवशी उन्हानं कोसळले ते पहाटे गेलेच. चुलते सायकल मारत पेपराच्या आधीच पोचले होते. "मी थांबवलं त्यांना," तुम्ही म्हणालात. "पेपर बुडला असता तर तुझं वर्ष गेलं असतं. मला काय बोलायचं ते बोल."

एस.टी. मिळून वाडीवर पोचेपर्यंत दिवस कलला. त्या उन्हात प्रेत ठेववेना, म्हणून चुलतभावाच्या हातून अग्नी दिला होता. मला नुसते निखारे दिसले. आई एवढंच म्हणाली, "पेपर पुन्ना आला आसता. बापाचं तोंड पुन्ना दिसंल का तुला?" दहाव्याला तुम्ही आलात, तर ती घराबाहेर आली नाही. मी पुढं केलेला टँकरच्या पाण्याचा तांब्या तुम्ही तसाच ओट्यावर ठेवलात आणि उठलात.

मी पास झालो, पुढं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटलो. त्या पगारावर बहिणींची लग्नं झाली, आईचं म्हातारपण निघालं. तुमचं नाव मात्र तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. "त्यो मास्तर" म्हणायची, शिव्याशाप द्यायची, आणि मी खाली मान घालून ऐकत राहायचो.

आता तीही नाही. हा कागद टाकायला पत्ता नाही, घडी घालून ठेवून देईन. तिच्यासमोर कधी तोंडातून निघालं नाही ते सांगतो. त्या सकाळी तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलं असतं, तर मीही म्हणालो असतो, पेपर देऊन येतो.