पणजीचा दाखला

बीरशेबा, २ डिसेंबर १९६२

चि. फ्लोरास,
दादाचे अनेक आशीर्वाद व शालोम. वि. वि.

तू पाठवलेली आंबोशी पोचली. डबा उघडला आणि घराला पनवेलचा वास आला.

महिनाभर वाळवंटात फॉस्फेटचा सर्वे करत होतो. एका दरडीत अमोनाइट सापडले, म्हणजे शिंगासारखे वळलेले शंख, एकेक परातीएवढा. त्यांच्यावरून दगडाच्या थराचं वय सांगता येतं. मी आठ कोटी वर्षं म्हटलं आणि साहेबांनी नकाशावर तसंच लिहिलं. कोणी शंका घेतली नाही.

अबीगेलचं लग्न ठरल्याचं कळवलं होतंच. मुलगा रुमानियाहून आलेल्या घरातला आहे. लग्न नोंदवायला रब्बींच्या कचेरीत गेलो, तर तिथल्या कारकुनाने तीन पिढ्यांचा दाखला मागितला. तुम्ही हिंदुस्थानातले, तुमच्या आज्या-पणज्या यहुदीच कशावरून, म्हणे. अंगाची लाही लाही झाली. बारा वर्षं या देशाचे दगड फोडतो आहे, आणि माझ्या मुलीने पणजी सिद्ध करायची! कागद त्याच्या तोंडावर फेकणार होतो, पण दाखल्याशिवाय लग्न नाही आणि मुलाची आई आताच कुरकुरते आहे. पोरीचे डोळे बघवत नाहीत. तरी आपल्या सिनेगॉगच्या मुकादमांकडून सही-शिक्का घेऊन ताबडतोब पाठव.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा दादा, आरोन


पनवेल, १९ डिसेंबर १९६२

ति. आरोनदादास,
फ्लोराचा शालोम. ‘सादर’ विसरले नाही, मुद्दाम गाळला.

पत्र वाचून माझंही डोकं फिरलं. शनिवारी आपला तेलाचा घाणा बंद म्हणून अख्खा गाव आपल्याला शनवार तेली म्हणायचा. शेजारच्या हौसाला जे कळतं ते त्या शहाण्याला कळू नये? ती तर म्हणाली की त्याला इथे पाठवा, मी सांगते.

चार दिवस त्या कारकुनाला शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी राग तुझ्यावर आला. सेहेचाळीस साली सॉल आपटेकर मला मागणी घालायला आला, तेव्हा पपा तयार होते. तू मुंबईहून आलास. त्याच्या पणजीचं कूळ ठाऊक नाही, ते मिश्र रक्ताचे काळे इस्राएल आणि आपण शुद्ध गोरे, असं म्हणून ओसरीवर सगळ्यांदेखत त्याच्याकडे तीन पिढ्यांची नावं मागितलीस. तीनच, दादा. त्याने दोन सांगितल्या, तिसरीपाशी अडखळला आणि चपला घालून निघून गेला. मी दाराआड उभी होते. सोळा वर्षं शाळेत पाढे शिकवते आणि घरी येऊन एकटीपुरता भात टाकते. माझे डोळे तुला तेव्हा बरे बघवले.

दाखला सोबत आहे. निम्मी माणसं तुमच्याकडे गेली, आता गोरं-काळं बघायला इथे कोण उरलंय? मुकादम सध्या सॉलच आहे. तुझ्यापायी मला त्याच्या दारात जावं लागलं. त्याने काही विचारलं नाही. त्याच्या बायकोने चहा केला, त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि शिक्का मारला. तो दोन शब्द टाकून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

अबीगेलला आशीर्वाद. लोभाचं तूच बघ.
फ्लोरा


बीरशेबा, १३ जानेवारी १९६३

चि. फ्लोरास,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

तुझं पत्र अबीगेलने वाचलं. घडी करून तिने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं. मग मी दाखला घेऊन कारकुनाकडे गेलो. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि सही करणारा हा आपटेकर कोण, असं विचारलं. त्याच्या स्वतःच्या कुळाची खात्री काय? तुम्हाला त्याच्या तीन पिढ्या माहीत आहेत का?

मला माहीत नव्हत्या. तेव्हा ओसरीवर नव्हत्या आणि आताही नाहीत. मी माहीत आहेत म्हणून सांगितलं. सॉल आपटेकर अस्सल इस्राएल आहे, असं कारकुनाच्या टेबलावरच लिहून सही केली. त्याने कागद जोडून घेतला. लग्न मार्चमध्ये आहे.

फ्लोरा, तेव्हाही एका ओळीचंच काम होतं.

आरोन