‘आता’ की ‘नंतर’

४ फेब्रुवारी, सकाळी
गाडीच्या स्क्रीनवर सूचना. नवीन सॉफ्टवेअर तयार आहे, कधी घेणार? खाली दोन बटणं: ‘आता’ आणि ‘नंतर’. ‘नको’ असं बटणच नाही. म्हणजे हो म्हणायचंय हे त्यांनीच ठरवलं, मला फक्त मुहूर्त विचारताहेत. ‘नंतर’ दाबलं.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी
कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याकडे हीच गाडी आहे. त्याने सकाळीच ‘आता’ दाबलं. मुद्दाम जाऊन बघून आलो. वायपरचं बटण पहिल्या पानावरून दुसऱ्या पानावर गेलंय. गाडी बंद केली की ‘टुंग’ वाजायचं, तिथे आता ‘ट्यूंव’ वाजतं. बेकरीवाला म्हणाला, होते हो सवय. माणसं अशीच हातची जातात.

६ फेब्रुवारी
माझं आयुष्य लिफ्ट तपासण्यात गेलंय. बटणांबद्दल मला कुणी शिकवू नये. उद्या तळमजल्याचं बटण पाचव्या मजल्याच्या जागी बसवलं आणि ‘होते हो सवय’ म्हटलं तर मी त्या इमारतीला सर्टिफिकेट देईन का? मग गाडीला का?
निश्चय: ही गाडी जशी घेतली तशीच राहील. फोनवरचं गाडीचं ॲपही नवीन व्हायला मागतंय. त्यालाही ‘नंतर’.
हिला सांगितलं. म्हणाली, त्यात नवीन काय काय येणार आहे ते तरी वाचा. मी म्हटलं, वाचणार नाही. वाचणं ही वाटाघाटीची पहिली पायरी असते.

९ फेब्रुवारी
याच गाडीच्या मालकांचा फोनवर ग्रुप काढला. नाव ‘बटण बचाव’. अध्यक्ष मी. समोरच्या इमारतीतला दंतवैद्य उपाध्यक्ष. त्याची गाडी आणि माझी गाडी रंगानेही एकच. ग्रुपवर शपथ टाकली: मी ‘आता’ दाबणार नाही. सगळ्यांनी अंगठे दाखवले.

१४ फेब्रुवारी
घरची नोंद. ही रक्तपेढीत आहे. गावाबाहेर नवी शाखा निघतेय, तिची प्रमुख म्हणून हिची नेमणूक झाली. एक एप्रिलपासून पहाटे सहाची पाळी. त्या वेळी तिकडे बस नाही. त्याच्या आत हिला गाडीचा परवाना मिळायला हवा, नाहीतर शाखा दुसऱ्या कुणाकडे जाईल.
मी म्हटलं, मी सोडत जाईन. म्हणाली, अहो, तुमचा गजर रोज मी बंद करते.
तेव्हा शिकवणार मीच. शिकाऊ परवाना आलाय. आपलीच गाडी परीक्षेलाही चालते.

१७ फेब्रुवारी
पुलाच्या चढावर सराव. चढावर थांबवून पुन्हा गाडी काढायची, परीक्षेत हे असतंच. ब्रेकवरून पाय उचलला की गाडी मागे येते. मागे टेम्पो होता. टेम्पोवाल्याने जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही.
ही म्हणाली, त्या अपडेटमध्ये गाडी चढावर आपोआप थांबून राहायची सोय येतेय, मी वाचलंय, घेऊ या का? मी म्हटलं, गाडी धरून ठेवणं हे पायाचं काम आहे, सॉफ्टवेअरचं नाही.
सूचना आली. ‘नंतर’.

२१ फेब्रुवारी
हिने पुन्हा विचारलं. तत्त्व समजावून सांगितलं. बराच वेळ सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटी माझ्या हातात माझ्या बनियनांची चळत दिली आणि आत गेली. पटलेलं दिसतंय.

२६ फेब्रुवारी
हिची परीक्षा. नापास. चढावर गाडी मागे आली. परीक्षकाने कागदावर काहीतरी खरडलं आणि उतरा म्हणाला. परत येताना तिसऱ्यांदा विचारलं, आता तरी घेऊ या का. मी म्हटलं, दोष गाडीचा नाही, घोट्याचा आहे. घोट्यात ताकद हवी. सकाळ-संध्याकाळ घोट्याचे व्यायाम करायचे.
घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. घोट्याचा विचार करत असावी.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी
कंपनी परस्पर अपडेट ढकलू शकते असं दंतवैद्य म्हणाला. सावध झालो. गाडीच्या टपावर माशाच्या पंखासारखा अँटेना असतो, सगळं त्यातूनच आत येणार. घरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल घेतली, स्टूल घेतलं आणि तो पंख नीट तीन पदरी गुंडाळला. वर दोरी.
ही खाली सोबतीला आली होती. गाडीत बसून फोन बघत होती. म्हणाली, तुम्ही तुमचं करा, मी माझं करते. काम संपल्यावर मी आत बसून बघणार होतो, तर म्हणाली, आता तासभर गाडीला हात लावू नका, फॉइल बसू द्या. मग चहा केला. लग्न झाल्यापासून एवढी मवाळ तिला पाहिली नव्हती. पराभवानंतर माणसाला आधार लागतो.

२८ फेब्रुवारी, सकाळी
सूचना आली नाही.

१ मार्च
आजही नाही. स्क्रीन जशीच्या तशी. वायपर पहिल्या पानावर. बंद केली, ‘टुंग’. फॉइलचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, कंपनीने शस्त्रं खाली ठेवली आहेत. दंतवैद्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

४ मार्च
पुलावर सराव. हिने पाय उचलला आणि गाडी एक इंच मागे आली नाही. मी मुद्दाम उतरून चाकाकडे बघितलं. घोट्याचे व्यायाम पाच दिवसांत एवढे लागू पडतील असं मलाही वाटलं नव्हतं. हिला विचारलं, किती वेळ करतेस? म्हणाली, जमेल तसं.

५ मार्च
मी स्वतः पुलावर चढवून बघितली. माझ्याही पायाखाली गाडी हलत नाही. ही व्यायाम करते तेव्हा मी समोर बसून आकडे मोजतो, त्याचाही परिणाम असणार.

९ मार्च
गाडीचं चार्जिंग जास्त पुरतंय असं वाटतं. ब्रेकही लोण्यासारखा लागतो. ग्रुपवर सविस्तर लिहिलं: जुनं सॉफ्टवेअर मुरतं. त्याला छेडलं नाही तर गाडी आणि ते एकमेकांना ओळखू लागतात. बेकरीवाल्याच्या गाडीत हे कधी होणार नाही.
कुणी उत्तर दिलं नाही. विचार करायला वेळ लागतो.

१२ मार्च
ग्रुपमधून तिघं बाहेर पडले. एक म्हणाला, मुलीने दाबलं. एक म्हणाला, चुकून हात लागला. तिसऱ्याने कारणही दिलं नाही. त्यांची नावं काढून टाकली, म्हणजे ती आधीच निघाली होती, पण मी मनातून काढली.

१५ मार्च
दंतवैद्याच्या गाडीजवळून जात होतो. त्याने गाडी बंद केली. ‘ट्यूंव’.
तो खाली बघत बुटाची लेस बांधू लागला. बुटाला लेस नव्हती. घरी येऊन त्याला ग्रुपच्या उपाध्यक्षपदावरून मुक्त केलं. त्याने लिहिलं, साहेब, एकदा अपडेटसोबत आलेली माहिती वाचा, तिसरी ओळ. फितुरांचं साहित्य मी वाचत नाही. दाढ दुखतेय, पण आता दुसरा दंतवैद्य शोधावा लागेल.

२० मार्च
फोनवरच्या ॲपने धमकी दिली. पंचवीस तारखेनंतर जुनं ॲप गाडी ओळखणार नाही. बघू कोण कुणाला ओळखत नाही ते.

२४ मार्च, दुपारी
हिची दुसरी परीक्षा. आज गेलं तर शाखा गेली, एवढंच म्हणाली. मी माझा फोन घेऊन कुंपणाबाहेर उभा राहिलो, कारण आत फक्त परीक्षक आणि ती. गाडी चढावर गेली. थांबली. परीक्षकाने काहीतरी विचारलं. ही उत्तर देत होती, हात हलवून, मजेत. गाडी हलली नाही. मग सुरळीत पुढे.
पास. सुनेच्या परीक्षेला आलेल्या, शेजारी उभ्या असलेल्या एका सासूबाईंना मी सांगितलं, घोटा मीच तयार केला.

२४ मार्च, संध्याकाळी
लिहावं की नाही असं वाटत होतं, पण रोजनिशी ही रोजनिशी.
परीक्षेनंतर मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. स्क्रीन निराळीच. वायपर दुसऱ्या पानावर. मी म्हटलं, त्या परीक्षकाने काहीतरी दाबलंय, उतर, तक्रार करतो. तिने सीटबेल्ट लावला आणि म्हणाली, अहो, बसा. परीक्षकाने नाही, मी दाबलं. महिना होत आला. तुम्ही स्टुलावर उभं राहून फॉइल गुंडाळत होतात ना, तेव्हा आत बसून माझ्या फोनच्या नेटवरून.
मी म्हटलं, शक्य नाही. मी रोज गाडी चालवतो, माझा वायपर पहिल्या पानावर आहे. आणि ‘टुंग’?
म्हणाली, ज्याला बदल नको त्याने जुनी मांडणी आणि जुना आवाज ठेवावा, अशी त्यात सोय आहे. तिसरी ओळ. गाडी सुरू करताना तुमचा फोन आत असला की तुमचं जुनं दिसतं, नुसता माझा असला की माझं. मीच तुमच्यासाठी लावून ठेवलं. नाहीतर जेवला नसतात.
मी विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? म्हणाली, दंतवैद्यांना मी सांगितलं होतं. बाकीच्यांना त्यांनी सांगितलं असेल. परीक्षा होईपर्यंत यांना दुखवू नका, एवढं म्हटलं होतं मी.
म्हणजे नऊ मार्चला मी जे सॉफ्टवेअर मुरतं म्हणून लिहिलं, ते सगळ्यांनी वाचलं. हसून वाचलं असणार.
घोट्याबद्दल विचारलं. व्यायाम एक दिवस केला होता म्हणाली. मग कंटाळा आला.

२५ मार्च
शांतपणे विचार केला. फॉइल काम करत होती. हल्ला आतून झाला. याला तंत्रज्ञानाचा पराभव म्हणता येणार नाही.
‘बटण बचाव’मध्ये आता मी एकटा आहे. ग्रुप बंद करणार नाही.

१ एप्रिल, पहाटे
ही गाडी घेऊन गेली. मी खिडकीतून बघितलं. वळणावर इंडिकेटर दिला, आरसा बघितला. चांगली चालवते. डबा आणि पाण्याची बाटली मी भरून दिली होती. माझा गजर आज मीच बंद केला.

५ एप्रिल, रविवार
हिला सुट्टी, म्हणून गाडी मला. खाली गेलो. दार उघडेना. फोन दाखवला, उलटा करून दाखवला, सुलटा करून दाखवला. शेवटी हिने वरून गॅलरीतून तिच्या फोनने दार उघडून दिलं आणि घरात गेली.
बसलो तर स्क्रीनवर: नमस्कार, पाहुणे चालक. आपलं ॲप जुनं असल्याने ओळख पटली नाही. नवीन ॲप कधी घेणार? ‘आता’, ‘नंतर’.
हप्ते मी भरले, फॉइल मी गुंडाळली, आणि पाहुणा मी. ‘नंतर’ दाबलं.
पाहुण्याला गाडी ताशी तीसच्या वर जात नाही. हे रस्त्यावर आल्यावर कळलं. मागे रांग लागली. बेकरीवाल्याने ओलांडून जाताना हात हलवला. दंतवैद्य सायकलवर होता, रविवारचा व्यायाम. तोही पुढे गेला. जाताना दाढ कशी आहे असं विचारून गेला. आणि भर उन्हात वायपर चालू झाले ते बंद करायचं बटण मला सापडलं नाही.

५ एप्रिल, दुपारी
जेवताना माझा फोन टेबलावर तिच्या बाजूला सरकवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. तिने विचारलं, काय करू? मी म्हटलं, मला काही माहीत नाही, मी इकडे बघतोय.
एकदा बोट लागल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, आमटी गार होतेय.
मी दाबलेलं नाही. हे इथे नोंदवून ठेवतो.